शेवटी सगळं पांढरंच दिसतं, मग गाठ कुठली?

एका न्यूरोसर्जनचं पत्र आहे. स्वतंत्रपणे ऑपरेशन करायला लागून त्यांना चार वर्षं झाली. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) मेंदूसाठीचा अल्ट्रासाऊंड प्रोब आला आणि दहा-बारा केसेसमध्ये त्यांनी तो वापरला. सुरुवातीला गाठ छान दिसते, पण निम्मीअधिक काढून झाली की पोकळीभोवती सगळंच पांढरं दिसू लागतं. एका ग्लायोमात (मेंदूच्याच ऊतीतून वाढणाऱ्या गाठीत) ते पांढरं म्हणजे उरलेली गाठच असं धरून ते पुढे जात राहिले. पेशंटचा हात कमजोर झाला. सहा आठवड्यांत तो बराचसा सुधारला, पण त्या कडेच्या तुकड्यांत पॅथॉलॉजीला ट्यूमर सापडला नाही. पुढच्या केसमध्ये तसंच पांढरं दिसलं तेव्हा 'हा भासच असणार' म्हणून ते थांबले, तर नंतरच्या एमआरआयमध्ये दीड सेंटिमीटरचा तुकडा राहिलेला निघाला. वरिष्ठ सहकारी म्हणतात, "सोनोग्राफी पोटाच्या डॉक्टरांना लखलाभ. नॅव्हिगेशन आहे ना, त्यावर भरवसा ठेव." (नॅव्हिगेशन म्हणजे आपलं हत्यार कुठे आहे ते ऑपरेशनआधीच्या एमआरआयवर दाखवणारी यंत्रणा.) पत्रलेखकाचा प्रश्न असा: प्रोब बाजूला ठेवून द्यावा, की ओटीतल्या एमआरआयसाठी व्यवस्थापनाच्या मागे लागावं? की हे चित्र वाचणं आपल्याला जमणारच नाही?

प्रिय डॉक्टर,

एकदा चित्रावर विश्वास ठेवला आणि फसलात, एकदा ठेवला नाही आणि फसलात, अशा या दोन केसेस तुम्ही एकमेकींच्या विरुद्ध मांडल्या आहेत. मला ती एकाच चुकीची दोन रूपं वाटतात. दोन्ही वेळा तुम्ही स्क्रीनला एकच प्रश्न विचारला: पांढरं आहे का? ऑपरेशनच्या सुरुवातीला हा प्रश्न बरोबर असतो, कारण बहुतेक ग्लायोमा आणि मेटास्टॅसिस (शरीरात दुसरीकडून पसरून आलेल्या गाठी) आजूबाजूच्या मेंदूपेक्षा उजळ दिसतात. शेवटी शेवटी मात्र पांढऱ्याला इतकी कारणं असतात की त्या एका प्रश्नावर निर्णय घेता येत नाही. तुमची नजर कमी पडते आहे असं मला पत्रावरून वाटत नाही. तुम्हाला कुणी हे चित्र बनतं कसं ते नीट सांगितलेलं नाही, एवढंच.

मेंदूतून जाताना आवाज शोषला जातो: ढोबळमानाने दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे अर्धा डेसिबल. खोलवरून येणारा प्रतिध्वनी त्यामुळे क्षीण असतो, म्हणून मशीन तो खोलीच्या हिशेबाने वाढवून दाखवतं. यालाच आपण टीजीसी (टाइम गेन कम्पेन्सेशन) म्हणतो. मधे सगळीकडे मेंदूच आहे असं धरून ही भर घातली जाते. आता 3 सेंटिमीटर खोल पोकळी सलाइनने भरली आहे असं समजा. 7.5 मेगाहर्ट्झचा आवाज जाऊन-येऊन 6 सेंटिमीटर पाण्यातून प्रवास करतो. तिथे मेंदू असता तर 22 डेसिबलच्या आसपास घट झाली असती. पाण्यात एक डेसिबलही होत नाही. मशीनला हे ठाऊक नसतं, ते आपली ठरलेली भर घालतंच. 20 डेसिबल म्हणजे शंभरपट. तेव्हा पोकळीच्या तळाचा निरोगी मेंदूही चुन्याचा हात मारल्यासारखा दिसणार. पोकळी जितकी खोल, तितका तळ पांढरा. गाठ निघत जाते तसतसं चित्र बिघडतं ते यामुळे. तुमच्या मशीनमध्ये काही दोष नाही. नॉर्वेतल्या ट्रॉन्हेमच्या गटाने पाण्याऐवजी मेंदूइतकाच आवाज शोषणारा द्रव पोकळीत भरून पाहिला, तोही नेमका याच अडचणीवर उपाय म्हणून.

याच्या जोडीला बाकीची पांढरी मंडळी असतातच. ताजी गुठळी पांढरी, सर्जिसेल (रक्त थांबवायला ठेवतात ते जाळीदार कापड) पांढरं, हवेचा बुडबुडा पांढरा आणि त्याच्यामागे सावली. ग्लायोमाभोवतीची सूजही थोडी उजळ दिसते आणि गाठीच्या कडेत बेमालूम मिसळून जाते. आधी रेडिएशन झालेल्या मेंदूत तर व्रणाची ऊती आणि ट्यूमर यांच्यात फरक करणं फारच कठीण.

तेव्हा शेवटचं चित्र वाचायची तयारी पेशंटला पोझिशन देताना सुरू होते. पोकळीचं तोंड शक्यतो वर, छताकडे यायला हवं, म्हणजे तिच्यात पाणी टिकेल. डोकं कलतं ठेवलं की सलाइन वाहून जातं, वरच्या कोपऱ्यात हवा अडकते आणि नेमकी तीच भिंत दिसेनाशी होते. कवटीचा तुकडा काढतानाही प्रोबचा विचार करा. हाडातून आपल्याला हवा तसा आवाज जात नाही, त्यामुळे प्रोबचा पृष्ठभाग टेकून वर तो दोन्ही बाजूंना तिरका करता येईल इतकी जागा हवी. गाठीच्या कडेपासून एखादा सेंटिमीटर जास्तीचा मोकळा मेंदू मिळाला, तर शेवटी त्याच्या वाटेने, पोकळी टाळून, तिच्या तळाकडे पाहता येतं. आवाज मेंदूतूनच गेला की वरची सगळी वजाबाकी पुन्हा जुळते. लहान छिद्रातून काम करायचा अभिमान आपल्या शाखेत बराच आहे, पण ज्या दिवशी अल्ट्रासाऊंडवर अवलंबून राहायचं ठरवलंय त्या दिवशी तो थोडा सैल करावा.

प्रोबला निर्जंतुक कव्हर घालताना जेल आतल्या बाजूला भरा आणि पृष्ठभागावरून बोट फिरवून एकूण एक बुडबुडा बाजूला सारा. बाहेरून, मेंदूच्या बाजूला, फक्त सलाइन. पुष्कळदा 'आज मशीन नीट चालत नाहीये' म्हणतात तेव्हा कव्हरच्या घडीत अडकलेली हवा हेच कारण असतं.

पहिलं चित्र ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) उघडण्याआधी घ्या. ड्युरातून आवाज व्यवस्थित जातो आणि मेंदू अजून जागचा हललेला नसतो. आधी डेप्थ 7-8 सेंटिमीटर ठेवून ओळखीच्या खुणा शोधा: फाल्क्सची (मेंदूच्या दोन अर्ध्यांमधल्या पडद्याची) चमकदार रेघ, काळं व्हेंट्रिकल (मेंदूच्या आतली द्रवाची पोकळी), त्यातला पांढरा कोरॉइड प्लेक्सस (तो द्रव बनवणारं जाळं). स्क्रीनची डावी बाजू म्हणजे पेशंटची कुठली बाजू, हे प्रोबवरच्या खुणेवरून पक्कं करून मोठ्याने सांगा, म्हणजे नर्स आणि रेसिडेंटलाही कळेल. उजवं-डावं उलटं वाचलं गेल्यावर पुढचं सगळं बरोबर असूनही उपयोग नाही. मग गाठीचा तळ स्क्रीनच्या साधारण दोन-तृतीयांशावर येईल इतकी डेप्थ कमी करा, फोकस त्या तळाशी आणा आणि एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन प्रतलांत चित्रं साठवा. वरवरच्या गाठींसाठी 10 मेगाहर्ट्झच्या पुढे जा, चार-पाच सेंटिमीटर खोल असेल तर 5 ते 7 वर या. गाठ अगदी पृष्ठभागावर असेल तर प्रोबलगतचे पहिले काही मिलिमीटर धूसर येतात; अशा वेळी मधे सलाइनचा थर ठेवून प्रोब थोडा वर धरायचा. प्रोब मेंदूवर दाबायचा कधीच नाही. दाबाने मेंदूला इजा होतेच, शिवाय अंतरंही खोटी येतात.

ही पहिली चित्रं एमआरआयशेजारी ठेवून पाहा. लो-ग्रेड (सावकाश वाढणारी) असेल तर फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्राशी, हाय-ग्रेड (वेगाने वाढणारी) असेल तर कॉन्ट्रास्टच्या चित्राशी. या पेशंटमध्ये गाठ किती पांढरी आहे, सूज किती, कड कुठे स्पष्ट आहे आणि कुठे विरघळल्यासारखी, ते आत्ता ठरतं. गेन (चित्राचा एकूण उजळपणा) आणि टीजीसी यानंतर मनाला येईल तसे फिरवू नका. फिरवलेच तर नोंद ठेवा. नाहीतर शेवटच्या चित्राची तुलना कशाशी करणार? गाठीतून किंवा तिच्या खालून जाणाऱ्या रक्तवाहिन्या डॉप्लरवर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवतो तो मोड) याच वेळी पाहून घ्या. मेंदूच्या ठोक्यांमुळे पडद्यावर रंग सांडतो, त्याला फसू नका. खरी वाहिनी प्रतल बदललं तरी सलग मागे काढता येते.

आता कापायला लागल्यावरची सवय. गाठ संपत आल्यावरच प्रोब मागवायचा, हा प्रघात मोडा. एक-तृतीयांश निघाली की पाहा, निम्म्यावर पाहा. दर वेळी मिनिट-दोन मिनिटं लागतात. पोकळी उथळ असते, चित्र अजून प्रामाणिक असतं, तेव्हा पोकळीच्या तळापासून गाठीच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. समजा 11 मिलिमीटर आलं. सात काढा, पुन्हा पाहा. व्हेंट्रिकलची भिंत किंवा फाल्क्स किती दूर राहिली तेही मोजत चला. मेंदू सरकला तरी आजच्या चित्रात गाठ आणि व्हेंट्रिकल एकत्रच दिसत असतात. असं मोजत खाली गेलात तर तळ पांढराफटक दिसायला लागेल त्या वेळी आपण गाठीच्या किती जवळ आहोत हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल.

पोकळी भरण्याची पद्धत मी जरा विस्ताराने लिहिते, कारण निम्म्या चुका इथे होतात. आधी रक्तस्राव थांबवा. पॅटी (कापसाच्या पट्ट्या) मोजून बाहेर काढा, सर्जिसेल काढा, मेंदू बाजूला धरणारा रिट्रॅक्टर काढा, गुठळ्या धुऊन काढा. मग 20 मिलीच्या सिरिंजला मऊ ट्यूब लावून तिचं टोक तळाजवळ न्या आणि शरीराइतकं कोमट सलाइन सावकाश सोडा, पाणी खालून वर चढेल असं. वरून पिचकारी मारली तर पाण्यात बुडबुड्यांचं धुकं तयार होतं आणि प्रत्येक बुडबुडा स्क्रीनवर चमकतो. पाणी काठोकाठ आलं की अर्धा-एक मिनिट थांबा. पाण्यात ढगासारखं काही फिरताना दिसलं तर कुठून तरी अजून रक्त येतंय. ते चित्र वाचण्यात अर्थ नाही, परत बायपोलर (रक्तस्राव बंद करायचा विजेचा चिमटा) घ्या.

आणि मग ते पांढरं. त्याला चार बाजूंनी तपासा. एक, आकार: पाण्यामुळे उजळलेली कड पातळ, सारखी आणि पोकळीच्या तळाशी धरून असते, उरलेली गाठ बहुधा एका बाजूला जाड, गाठाळ, मेंदूत घुसलेली दिसते. दोन, कोन: प्रोब तिरका करा, दुसऱ्या काठावरून पाहा. भासाची कड आवाजाच्या दिशेबरोबर जागा बदलते, गाठ जिथल्या तिथे राहते. तीन, खालच्या थराचा टीजीसी तेवढ्यापुरता कमी करा. सगळंच मावळलं आणि एक तुकडा तेवढा शेजारच्यांपेक्षा उजळ राहिला, तर त्याच्याकडे लक्ष द्या. चार, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते, पहिलं चित्र: या जागी सुरुवातीला गाठ होती का? जिथे आधी काळा-राखाडी मेंदू होता तिथे आता पांढरी कड दिसत असेल तर ती ऑपरेशनमुळे आलेली असण्याचीच शक्यता जास्त. लहान प्रोब पोकळीत उतरवता येत असेल तर भिंतीजवळ न्या. मधलं पाणी कमी झालं की भासही कमी होतो. तरीही शंका राहिली तर बायपोलरचं टोक त्या जागी धरून स्क्रीनवर तो चमकता ठिपका पाहा, तिथूनच छोटा तुकडा फ्रोझनला (ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या पॅथॉलॉजी तपासणीला) पाठवा. उभ्या भिंतींबाबत एक सावधगिरी: आवाज भिंतीला समांतर जातो तेव्हा ती नीट दिसतच नाही, म्हणून 'बाजूला काही दिसलं नाही' याचा अर्थ बाजूला काही उरलं नाही असा घेऊ नका. तुमच्या दुसऱ्या केसमधला तुकडा तळाशी होता की बाजूच्या भिंतीत, एमआरआय काढून एकदा पाहा. बाजूला असेल तर तो त्या दिवशी तुम्हाला बहुधा धड दिसलाच नसेल.

हात कमजोर झालेल्या पेशंटबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण पत्राचा सगळा भार त्या ओळींवर आहे असं मला वाटलं. तिथे अल्ट्रासाऊंडकडून तुम्ही एक अशी गोष्ट मागितली जी त्याच्यापाशी नाहीच. चित्रात ऊती दिसते, तिचं काम दिसत नाही. हातापायांच्या तंतूंजवळ चित्र कितीही पांढरं असलं तरी थांबायचं कुठे हे मॅपिंगने (विजेचं सौम्य उत्तेजन देऊन तंतू शोधण्याने) ठरवायचं. मोनोपोलर सबकॉर्टिकल स्टिम्युलेशनमध्ये 1 मिलिअँपिअर म्हणजे तंतूंपासून ढोबळमानाने 1 मिलिमीटर, हा कामचलाऊ हिशेब तुम्हाला माहीत असेल. दोन्ही साधनं एकाच वेळी हाताशी ठेवा आणि ती एकमेकांविरुद्ध बोलली तर मॅपिंगचं ऐका. थोडी गाठ मागे राहिली तर तिच्यासाठी पुढे उपचार आहेत.

आता तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं. मेंदूतल्या गाठी आवाजाने शोधण्याचा प्रयत्न फ्रेंच, वाइल्ड आणि नील यांनी शवविच्छेदनातल्या मेंदूंवर 1950मध्येच केला होता. पोटातल्या गाठींवरचा ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांचा गाजलेला लेख आला 1958मध्ये. तेव्हा हे काम आपलंही आहे. नॅव्हिगेशनचा त्यांचा आग्रह मात्र निम्मा बरोबर आहे. कातडीवरची रेघ, हाडाचा तुकडा, पहिला मार्ग, यासाठी त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण त्याच्यापाशी असलेला एमआरआय ऑपरेशनआधीचा असतो. ड्युरा उघडला, मेंदूभोवतालचं पाणी निघालं, मॅनिटॉलने (सूज उतरवायच्या औषधाने) मेंदू आकसला, गाठ कमी झाली की मेंदू सरकतो. हे सरकणं सेंटिमीटरच्या पुढेही जातं, आणि नॅव्हिगेशनचा ठिपका तितक्याच आत्मविश्वासाने जुन्या जागेवर उभा असतो. माझा नियम असा: ड्युरा उघडण्याआधी दोघांत फरक पडला तर नॅव्हिगेशनचं रजिस्ट्रेशन (एमआरआय आणि पेशंटचं डोकं यांची जुळणी) तपासा, कारण मेंदू सरकायला अजून कारण घडलेलं नाही. ड्युरा उघडल्यावर फरक पडला तर जागेबाबत अल्ट्रासाऊंडवर विश्वास ठेवा. वरिष्ठांशी वाद घालण्यापेक्षा पुढच्या केसला ड्युरा उघडण्याआधी आणि निम्मी गाठ काढल्यावर अशी दोन्ही चित्रं त्यांना नॅव्हिगेशनशेजारी दाखवा.

ओटीतला एमआरआय चांगलाच असतो, मिळत असेल तर नाही म्हणू नका. पण त्याला चुंबकाला चालणारं सामान लागतं, एकेका तपासणीला बराच वेळ जातो आणि त्यामुळे ती एक-दोनदाच होते. दर दहा मिनिटांनी पाहायचं साधन म्हणून प्रोबची गरज त्यानंतरही राहते. हाय-ग्रेड ग्लायोमासाठी फाइव्ह-एएलए (गाठ चमकवणारं औषध) देत असाल तर ते पृष्ठभागावरचं चमकवतं, रक्ताखाली किंवा भिंतीआड दडलेलं नाही. लो-ग्रेडमध्ये तर बहुतेक वेळा चमकतच नाही. प्रोब आतलं दाखवतो. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची गरज नाही.

सरावासाठी पेशंटची वाट पाहू नका. एक लीटर गरम पाण्यात साधारण 100 ग्रॅम जिलेटिन विरघळवा, त्यात दोन-तीन चमचे इसबगोलाची भुसी ढवळा, फेस काढून टाका आणि रात्रभर थंडीत घट्ट होऊ द्या. भुसीमुळे राखाडी, मेंदूसारखं चित्र येतं. त्यातच आधी घट्ट करून ठेवलेला, जास्त भुसीचा एक गोळा बुडवून ठेवा, ती तुमची गाठ. चमच्याने ती थोडी थोडी कोरा, पाणी भरा, पाहा. तळ पांढरा होताना दिसेल, आणि तिथे काही उरलेलं नाही हे नुसत्या डोळ्यांनीही तपासता येईल. मुद्दाम एक तुकडा मागे ठेवा आणि रेसिडेंटला शोधायला सांगा, मग आलटून पालटून. पिचकारी मारून भरलं की काय होतं आणि ट्यूबने भरलं की काय, हेही तिथेच कळतं.

प्रत्येक केसची तीन ठरावीक चित्रं ठेवा: ड्युराआधीचं, निम्म्यावरचं, शेवटचं. शेवटच्या चित्राखाली तुमचा निवाडा लिहा, उरलंय की नाही, असल्यास कुठे, किती. नंतरचा एमआरआय 48 ते 72 तासांच्या आत करवून घ्या, कारण त्यानंतर जखम भरतानाचा कॉन्ट्रास्ट मधे लुडबुड करतो. लिहिलेला निवाडा आणि एमआरआय शेजारी ठेवून बसा. आधीच्या दहा-बारा केसेसची चित्रं मशीनमध्ये असतील, तर हे काम या आठवड्यातच सुरू करता येईल.

आणि पुढच्या चार-पाच वेळा केस निवडून घ्या. कॉर्टेक्सखालची (मेंदूच्या बाहेरच्या थराखालची) एकटी मेटास्टॅसिस सर्वांत चांगली: कड स्पष्ट, पोकळी लहान. मग वरवरचा लो-ग्रेड ग्लायोमा. रेडिएशन झालेली, पुन्हा उघडायची गाठ आली तर तिथेही प्रोब लावून चित्र पाहून ठेवा, पण त्या चित्रावर निर्णय घेण्याची घाई सध्या करू नका.